कमानीवरचे हिरवे दिवे

भानुदास, तुझ्या दहाव्याला माइक तुझाच होता. भोंगे तुझे, सतरंज्या तुझ्या, आणि नदीकाठी उन्हात बसलेल्या बायकांवर ताणलेलं ते निळं कापडही तुझंच. सुनंदाला ते बरं वाटत नव्हतं. ती मला म्हणाली, "दाजी, आजच्या दिस तरी दुसऱ्याकडनं मागवा. नवऱ्याच्या कार्याला नवऱ्याचंच सामान कसं लावायचं?" पण तुझी माणसं ऐकेनात. मालकाच्या दहाव्याला दुसऱ्याचा मांडव आला तर आम्ही गावात तोंड कुठं दाखवायचं, असं त्यांचं म्हणणं. मध्येच माइक कुईं करून ओरडला तेव्हा ती सगळी एकदम मागं वळून बघायला लागली. मागं तू नव्हतास. मग त्यांच्यातलाच एक उठला आणि त्यानं बटण फिरवलं.

तुला जाऊन अजून महिनाही झालेला नाही, आणि तुझ्याशी बोलायची सवय मोडायला मी तयार नाही. तुझ्याशी बोलणं म्हणजे बरेचदा वाद घालणंच. मी तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, विमानतळाच्या धावपट्टीवरचे दिवे सांभाळणारा. तू पंचक्रोशीतला मांडव-लायटिंगवाला. मंगल म्हणायची, "देवानं मला माहेरी एक दिवेवाला दिला, सासरी एक दिला, आन माझ्या सैपाकघरातला बल्ब दोघांनाबी बदलता येत न्हाई." खरंच आहे ते. तो बल्ब अजून तसाच लुकलुकतोय. परवा मी बदलायला म्हणून स्टुलावर चढलो, तर म्हणाली, "राहू द्या, भाऊ येणार हुता बदलायला." मी गुपचूप खाली उतरलो.

मी सोनईचा. इकडच्या विमानतळावर कामाला लागलो तेव्हा मित्रांनी भरपूर चेष्टा केली, की हा बघा, नोकरी शोधत शोधत सासुरवाडीच्या उंबऱ्यात जाऊन बसला. तुमचं गाव धावपट्टीच्या उगवतीच्या टोकाला, जरासं चढावर. तिथं मला कुणी नावानं ओळखत नाही. किराणावाला दाजी म्हणतो, दूधवाला दाजी म्हणतो, आणि माझ्या वडिलांच्या वयाचे किसनतात्यासुद्धा दाजीच म्हणतात. एका माणसाचा मेहुणा होण्यात सुख आहे. सबंध गावाचा जावई होणं म्हणजे चहा पिऊन पिऊन पित्त वाढवून घेणं आहे. पण तुझ्या ओट्यावरचा चहा मी कधी टाळला नाही, कारण तिथं माझ्या कामाबद्दल विचारणारा माणूस बसलेला असायचा. घरात मंगलनंही मला कधी विचारलं नव्हतं की तुम्ही तिथं नक्की करता काय.

तू विचारलंस. आणि एकदा सुरू झालास की चिवटपणे विचारत राहायचास. आठवतं का, सुनंदा सूप घेऊन मिरच्या निवडत बसली होती आणि मी तुला धावपट्टी समजावत होतो. तू तिच्या हातातलं सूप ओढलंस, रिकामं केलंस आणि म्हणालास, "मांडून दाखवा." मग मी दोन्ही बाजूंनी शेंगदाण्यांच्या रांगा मांडल्या, सारख्या अंतरावर. हे कडेचे पांढरे दिवे. अलीकडच्या टोकाला आडव्या हिरव्या मिरच्या. इथून पट्टी सुरू झाली, इथं उतरायचं. पलीकडच्या टोकाला आडव्या वाळक्या लाल मिरच्या. इथं पट्टी संपली, ह्याच्या पुढं जायचं नाही. तू त्या सुपाकडं बराच वेळ बघत राहिलास. सुनंदा म्हणाली, "झालं असंल तर माझं सूप द्या," तरी तू सोडेनास. तेव्हा मला वाटलं, मेहुणा माझ्या कामाचं कौतुक करतोय. त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिजतंय, हे मला कसं कळावं?

आपला खरा वाद मात्र उजेडावरून. मी तुला सांगितलं की आमचे दिवे पाच पायऱ्यांवर चालतात. धुकं असलं, धुळीनं आभाळ भरलं, भर दुपारी पाऊस कोसळत असला, तर वरच्या पायरीवर. आणि स्वच्छ चांदण्या रात्री अगदी खालच्या पायरीवर, नाहीतर वैमानिकाचे डोळे दिपतात आणि त्याला पुढचं काही दिसत नाही. तू चहाचा कप खाली ठेवलास. "म्हंजी दिवा कमी करायचा पगार घेता तुमी?" मी म्हणालो, कमी करायचा आणि वाढवायचाही. "वाढवायचा पगार मीबी घेतो. कमी करायचा पगार घेनारा मानूस मी पयल्यांदाच बघतोय." हे तू पुढं सगळ्या पाहुण्यांना सांगितलंस. लग्नात कुणी नवीन भेटला की ओळख करून द्यायचास, "हे आमचे दाजी, उजेड कमी करत्यात."

किती उजेड, ते मोजायचं माप मेणबत्तीवरून आलंय, असं सांगितलं तर म्हणालास, "मेनबत्ती आमी लाइट गेल्यावर लावतो. पनत्यांत सांगा." मग आम्ही धावपट्टीच्या एका दिव्याच्या पणत्या करायला बसलो आणि त्या हजारांत गेल्यावर तू हात जोडलेस. तुझं म्हणणं साधं होतं: उजेड जितका जास्त तितका मान जास्त. लग्नघरी लायटिंग मिणमिणती दिसली तर वरबापाचं नाक कापलं जातं. माझं म्हणणं, उजेड लागेल तितकाच, आणि सगळ्या दिव्यांचा सारखा. ह्यावर आपलं कधी एकमत झालं नाही, आणि आता होण्यातलं नाही.

आणखी एका नियमावरून तर तू माझ्यावर खरोखर चिडला होतास. दिव्यांचा उजेड मोजायला आमच्याकडं मीटर असतो. नव्या दिव्यानं जितका उजेड द्यायला हवा त्याच्या निम्म्याहून कमी एखादा द्यायला लागला, की तो आमच्या लेखी बंद. "पेटलेला असला तरी?" तू विचारलंस. पेटलेला असला तरी. "डोळ्यानं दिसतोय तरी?" दिसतोय तरी. "ह्यो अन्याय हाय, दाजी. निम्म्या उजेडाचा बल्ब मी आचाऱ्याकडं लावतो. त्याला कढई दिसली की बास. त्याच्या खालचा बल्ब जनरेटरपाशी. मी कुनालाच बंद म्हनत न्हाई." मी म्हणालो, आमच्याकडं आचारी नसतो. तू हसलास, पण पटलेलं नव्हतंच. हा वाद लक्षात ठेव, मी परत त्याच्याकडं येणार आहे.

आता गेल्या सालच्या जत्रेचं बोलू. रात्रीची विमानं नुकती सुरू झाली होती आणि त्यानंतरची ही पहिलीच जत्रा. जत्रेच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मी जीप घेऊन धावपट्टीवर फेरीला होतो. संध्याकाळच्या विमानाआधी सगळे दिवे डोळ्यांखालून घालायचे, कुठं काचेवर धूळ बसली, कुठं चाकांचं काळं रबर चिकटलं, कुठं पक्ष्यानं घाण केली, ते बघायचं. उगवतीच्या टोकाला पोचलो आणि समोर चढावर मला दुसरी धावपट्टी दिसली.

थट्टा नाही. दोन्ही बाजूंना पांढऱ्या दिव्यांच्या सरळ रांगा, सारख्या अंतरावर. अलीकडे पालखीच्या वाटेवरच्या कमानीवर आडवे हिरवे. पलीकडे भैरवनाथाच्या देवळापाशी आडवे लाल. मला आधी वाटलं, माझेच दिवे कुठल्यातरी काचेत दिसतायत. मग शेंगदाणे आणि मिरच्या आठवल्या. मला हसू फुटलं, आणि लगेच आठवलं की विमान यायचंय. भानुदास, काम फार सुरेख केलं होतंस रे. रांग कुठं वाकली नव्हती. आमच्या ठेकेदाराची माणसंही पहिल्या झटक्यात इतकी सरळ रांग लावत नाहीत. तू थोडा वेळ दिवे लावून बघितलेस आणि विझवलेस, म्हणजे चाचणीच होती ती. विमान नंतर आलं आणि नीट उतरलं. पण तिकडं कार्यालयातून आमच्या साहेबांनीही ते पाहिलं होतं. माणूस सज्जन. ते एवढंच म्हणाले, "हे तुमच्या सासुरवाडीचं ना? उद्या विमानाच्या आधी तुम्हीच बघा. नाहीतर मला वर कळवावं लागेल, मग तहसीलची गाडी आणि पोलीस जत्रेत जातील."

त्या रात्री मी मंगलला सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता हात थांबवला. गावाचा मोठा माळ धावपट्टीखाली गेलेला. विमानतळाबद्दल गावात एकेक शब्द जपून बोलावा लागतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. देवाच्या वाटेवरचे दिवे विमानतळानं विझवले, आणि विझवायला आपलाच जावई आला, असं एकदा गावात झालं असतं तर तिचं माहेर संपलं असतं. ती म्हणाली, "तुमी जा. पर माझ्या भावाला खाली बघाय लावू नका." दोन्ही कसं करायचं, ते तिनं सांगितलं नाही.

जत्रेच्या दिवशी मी पोचलो तेव्हा तू कमानीला शिडी लावून वर होतास. मला बघून तुझा चेहरा असा फुलला की मला परत फिरावंसं वाटलं. "दाजी, वळखलं का काय हाय ते?"

"ओळखलं म्हणून तर आलोय. खाली ये."

तू खाली आलास. मी सांगितलं. तू आधी हसलास, मग तुला राग आला. "तुमचं विमान येडं हाय का? देवाची वाट आन धावपट्टी त्याला कळत न्हाई?"

"वैमानिकाला दुरून वाट दिसत नाही, देऊळ दिसत नाही. खाली सगळा अंधार. त्याला फक्त दिवे दिसतात, आणि हिरव्याच्या पुढं उतरायचं एवढं त्याला ठाऊक असतं. त्याच्याकडं बाकी यंत्रं आहेत, पण ऐन उतरताना मनात शंका यायला नको."

"आवो, पर तुमचे दिवे हजार हजार पनत्यांचे. माझे हे बारके बल्ब त्यांच्याफुडं काय दिसनार?"

हे शब्दांनी पटण्यासारखं नव्हतंच. तुला गाडीवर बसवलं आणि कुंपणाबाहेरच्या बांधावर नेलं, जिथनं धावपट्टीचं टोक दिसतं. दुपारी दिव्यांची नेहमीची तपासणी असते, तेव्हा त्या सगळ्या पायऱ्या वरून खाली चालवून बघतात. ऊन होतं तरी वरच्या पायरीचा उजेड डोळ्यात घुसला. तू हात आडवा धरलास. मग तो एकेक पायरी उतरत गेला, आणि शेवटच्या पायरीला दिवा पेटलाय की नाही तेच उन्हात कळेना.

"हा?" तू विचारलंस.

"हाच. आज आभाळ स्वच्छ आहे. संध्याकाळी हाच राहणार."

तू मागं वळून चढावरच्या तुझ्या कमानीकडं बघितलंस. मग म्हणालास, "म्हंजी तुमी कमी केल्यावर माझाच जास्त दिसंल." मी मान हलवली. तुला समजून घ्यायला वेळ लागला नाही. तू जन्मभर हेच बघत आला होतास, की शेजारच्या मांडवाच्या झगमगाटात आपला मांडव कसा फिका पडतो. तुझा दिवा धावपट्टीला फिकं पाडील, हे मात्र तुला पहिल्यांदा कळलं. मला वाटतं, आतून तुला जरा बरंही वाटलं असणार.

"कुनाला सांगितलं?"

"गावात कुणालाच नाही. फक्त मंगलला."

"सांगू नका. मंगलाक्काला घिऊन सांच्याला जेवायला या फकस्त."

संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा तू शिडीवर होतास, सगळ्या गावासमोर. हिरवे काढलेस, लाल काढलेस, आणि वाटेची एक बाजू सबंध बंद केलीस. मग भोंग्यावरनं तुझा आवाज आला, "गावकरी मंडळी, वायरिंगला फॉल्ट हाय. एकाच बाजूची लायटिंग चालंल. माफी असावी." मंगलनं माझा दंड घट्ट धरला. तुझ्या आयुष्यात तुझ्या वायरिंगला फॉल्ट आला नव्हता. तू तार जोडलीस की ती पुढच्या वर्षापर्यंत बघायची गरज नसायची, हे लोक सोयरीक जमवताना सांगायचे. ते नाव तू एका वाक्यात भोंग्यावर सोडून दिलंस. पालखी निघाली. अंधाऱ्या बाजूच्या लोकांनी मोबाइलच्या बॅटऱ्या लावल्या. तू गर्दीतून माझ्याकडं बघून भुवया उडवल्यास, की आता ह्यांनाबी बंद करायला सांगू का? मला त्या स्थितीतही हसू आवरेना. चालत्या बॅटऱ्यांची रांग होत नसते, पण हे मला तुझ्या शेजारी उभं राहून सांगायचं होतं. डोक्यावरून विमान गेलं आणि नीट उतरलं. आख्ख्या गावात ते वर मान करून बघणारे आपण दोघंच असू.

त्यानंतर वर्षभर तू फॉल्टवाला. चावडीवर, दुधाच्या गाडीपाशी, लग्नात. "काय फॉल्टवाले, आज हाय का लाइट?" एका घरचं लग्नाचं काम दुसऱ्या मांडववाल्याकडं गेलं तेव्हा सुनंदानं दोन दिवस तुझ्याशी अबोला धरला. मी तुला ओट्यावर बसून म्हणालो, "भानुदास, मी सांगतो एकदा सगळ्यांना. तुझं नाव उगाच खराब होतंय." तू शेंगा फोडत होतास. म्हणालास, "जावयाचे आभार घ्यायची रीत न्हाई आमच्यात. चहा घ्या." मी चहा घेतला. आभार तसेच राहिले.

मग तुला दम लागायला लागला. शिडी चढवेना. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पडद्यावर हृदय दाखवलं आणि म्हणाले, हे निम्म्याहून कमी चालतंय. मंगलनं पदर तोंडाला लावला. तू माझ्याकडं बघितलंस, आणि तुझ्या डोळ्यांत तीच ओट्यावरची खोडी.

"दाजी, मग तुमच्या नियमानं मी बंदच की."

"काहीतरी बोलू नकोस."

"मी कुटं बोलतोय. नियम तुमचा हाय."

मंगल उठून बाहेर गेली. मी चिडलो, तुला म्हणालो, जरा गप्प पड. तू गप्प पडलास. त्यानंतरही आपण बोललो, औषधांवर, गोडाऊनच्या पत्र्यावर, जेवणातल्या मिठावर. पण ह्या वाक्याला मी उत्तर दिलं नाही, आणि तू थांबलाही नाहीस. एका पहाटे सुनंदानं चहा ठेवला आणि हाक मारली, तेव्हा तू गेलेला होतास.

तर दहाव्याला मी ठरवूनच आलो होतो. तुमच्याकडं प्रवचन झालं की चार माणसं श्रद्धांजलीचं बोलतात. पहिला जो उठला त्यानंच सुरुवात केली, "आपला फॉल्टवाला भानुदास..." आणि लोक रडता रडता हसले. माझं डोकं फिरलं. मेल्यावरही तेच? मी उठलो, माइक हातात घेतला. म्हणालो, "मला एक सांगायचंय. गेल्या जत्रेत फॉल्ट नव्हता."

समोर कुणी चकित झालं नाही. बायकांच्या बाजूनं सुनंदानं पदर सावरला. पुढच्या रांगेतले किसनतात्या काठी टेकत उठले, माझ्या हातातला माइक काढून घेतला आणि बंद केला. मग हळू आवाजात म्हणाले, "बसा दाजी. आमाला ठावं हाय."

नंतर बाभळीखाली त्यांनी सांगितलं. "आवो, फॉल्ट असता तर भानुदासनं त्यो घावल्याबिगर पान्याचा घोट घेतला असता का? आन फॉल्ट हिरव्याला, लालला आन एकाच बाजूला? आमी काय आंधळे हाय व्हय? दुपारी तुमी दोघं बांधावर हुते, ते समद्यांनी बघितलं."

"मग वर्षभर त्याला फॉल्टवाला का म्हणत होता?"

तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा काही मी अजून शाळेत जातोय. "मग काय म्हनायचं? दाजींच्या विमानतळानं देवाचे दिवे इझवले, असं? एखादा तापट मानूस असतो गावात, दोन असत्यात. रोज हसत राहिलं की कुनी इचारत न्हाई. गावाचा जावई हाय तुमी."

"आणि भानुदासला हे ठाऊक होतं?"

"त्यानंच तर पयल्यांदा म्हनून दाखवलं, मला फॉल्टवाला म्हना."

भानुदास, मला राग आला. आधी तुझाच आला. माझ्यासमोर ओट्यावर बसून शेंगा फोडत होतास आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाहीस. गावातल्या लहानथोरांना माहीत, माझ्या बायकोला माहीत (तिला मी घरी विचारलं, ती म्हणाली, "मग? तुमाला सांगून काय झालं असतं, तुमी माइक घिऊन उठला असता"), आणि मी एकटा तुझं नाव वाचवायच्या गोष्टी करत चहा पितोय. घरी येईपर्यंत राग गेला. घरात शिरल्यावर मी चप्पलही न काढता खुर्चीवर बसलो आणि रडलो. मंगलनं सैपाकघरातला तो लुकलुकणारा बल्ब लावला आणि माझ्यासमोर येऊन बसली. मला इतक्या लोकांनी इतक्या काळजीनं कधी सांभाळलं नव्हतं. तू माझ्यासाठी नाव सोडलंस, आणि गावानं ते गुपित रोज हसत हसत राखलं. ते आभार घ्यायची तुमच्यात रीत नसेल. मला द्यायचे आहेत. आता तू चहा पुढं करू शकत नाहीस, त्यामुळं ऐकून घ्यावं लागेल.

आणि आता तुझ्या त्या वाक्याचं उत्तर. दवाखान्यात मला सुचलं नाही, कारण मला तेव्हा फक्त भीती वाटत होती. तो नियम मी तुला अर्धाच सांगितला होता. दिव्याचा उजेड मोजताना मीटर त्याच्या झोताच्या समोर धरावा लागतो. बाजूला धरला तर चांगला दिवाही आकड्यात बंदच येतो. डॉक्टरांनी त्यांच्या जागेवरून मोजलं आणि बरोबर मोजलं, त्यांना मी दोष देत नाही. पण तुझा उजेड ज्या बाजूला पडत होता तिथं मी होतो, मंगल होती, आणि वर्षभर तुला हसणारं सगळं गाव होतं. आमच्या मापानं तू शेवटपर्यंत चालू होतास. आचाऱ्याकडं लावायची वेळ तुझ्यावर कधी आली नाही. हे तुला पटणार नाही, तू काहीतरी खुसपट काढशील, हे मला माहीत आहे. काढ.

काल जत्रा झाली. तुझ्या घरी दुःख म्हणून सुनंदा देवळाकडं गेली नाही, पण लायटिंग तुझ्याच माणसांनी केली. संध्याकाळी फेरी उरकून मी टोकाला जीप थांबवली आणि चढावर बघितलं. गेल्या वर्षीसारखीच एकच बाजू लावलेली, एकच पांढरी रांग. ती मात्र एके ठिकाणी जराशी वाकलेली. तू असतास तर शिडी परत लावली असतीस.

सुट्टी झाल्यावर मी गावात गेलो आणि तुझ्या ओट्यावर बसलो. सुनंदानं चहा दिला. वाटेनं पालखी यायची होती. शेजारच्या घरचा नवा जावई, पहिलीच जत्रा त्याची, समोर उभा राहून कमानीकडं बघत होता. भोवती झेंडूच्या माळा, मधली सगळी आडवी पट्टी मोकळी. त्यानं मलाच विचारलं, "एवढी कमान सजवली, मग मधे दिवे का नाही लावले?" मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी सुनंदानं, कप उचलता उचलता, अगदी सहज सांगितलं, "तितं फॉल्ट हाय, पाव्हनं."